एक्सेलमधून क्लाउडवरच्या पोस्टग्रेसला जोडायचंय, ओडीबीसी ड्रायव्हरने रडवलंय

सोनाका | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

आमची निफाड तालुक्यात छोटी शेतकरी उत्पादक कंपनी आहे, द्राक्षांची. मागच्या हंगामापर्यंत कुणाच्या बागेतून किती क्रेट आले, वजन किती भरलं, हे वहीत उतरवायचं आणि रात्री जेवण झाल्यावर मी ते एक्सेलमध्ये चढवायचं, असा कारभार होता. यंदा ओळखीतल्या एका पोराकडून मोबाइल ॲप करून घेतलं. नोंद बागेतच होते आणि क्लाउडवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जाऊन पडते. पोराला बंगळुरूला नोकरी लागली. जाताना एका कागदावर सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ५४३२, युजरनेम, पासवर्ड लिहून दिलं आणि म्हणाला, "काका, ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे एक्सेल आणि डेटाबेसमधला दुभाषी, तो टाका आणि एक्सेलमधून थेट ओढा. पाच मिनिटांचं काम आहे."

आज तिसरा दिवस.

ड्रायव्हर उतरवायला गेलो तर दोन फाइली. एकीवर एक्स६४, दुसरीवर एक्स८६. ८६ हा मोठा आकडा, म्हणजे नवीन असणार असं समजून ती टाकली (हसू नका). मग स्टार्टमध्ये ओडीबीसी शोधलं तर तिथेही दोन निघाले. ज्यात ड्रायव्हर दिसला त्यात डीएसएन (जोडणीची माहिती साठवणारी नोंद) बनवला आणि एक्सेल उघडलं. एक्सेल म्हणतं आयएम०१४, 'आर्किटेक्चर मिसमॅच'.

माझं संगणकाचं शिक्षण एमएस-सीआयटीपुरतं. समजेल असं सांगा.

खटपट्या | १२ फेब्रुवारी, रात्री ११:०५

हसलो नाही. बरं, थोडंसं हसलो. पण ८६ चा घोळ आमच्या हापिसात इंजिनिअर पोरंही घालतात. एक्स८६ म्हणजे ३२ बिट, जुन्या इंटेल चिपांच्या नावावरून आलेलं. एक्स६४ म्हणजे ६४ बिट.

ड्रायव्हर हा काही स्वतंत्र चालणारा प्रोग्राम नसतो. ती एक डीएलएल फाइल असते आणि एक्सेल तिला स्वतःच्या पोटात घेऊन चालवतं. ६४ बिट एक्सेलला ३२ बिट डीएलएल पोटात घेताच येत नाही, उलटही नाही. म्हणून विंडोज किती बिटचं आहे हे बघायचं नसतं, एक्सेल किती बिटचं आहे ते बघायचं. फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल असं जा. वरच्याच ओळीत लिहिलेलं असतं.

६४ असेल तर एक्स६४ वाली फाइल टाका आणि ६४ बिटवाल्या ओडीबीसी खिडकीत नवा डीएसएन बनवा. जुना काढून टाका, नाहीतर दोन महिन्यांनी तुम्हीच गोंधळाल.

अवांतर: या दोन्ही खिडक्यांच्या फाइलचं नाव एकच आहे, ओडीबीसीएडी३२. त्यातली ६४ बिटवाली 'सिस्टम३२' फोल्डरमध्ये राहते आणि ३२ बिटवाली 'सिसवॉव६४' मध्ये. होय, बरोबर वाचलंत. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने सिस्टम३२ हे नाव तसंच ठेवलं आणि त्याची फळं आपण खातोय.

साताऱ्याचा_पेढा | १२ फेब्रुवारी, रात्री ११:३१

धागा पळवत नाही, पण माझंही दुखणं जवळचंच आहे म्हणून इथेच विचारतो. नव्या लॅपटॉपवर हाच ड्रायव्हर टाकला. 'कॉन्फिगर' दाबलं की येतं, सेटअप रूटीन लोड होत नाही, सिस्टम एरर कोड १२६, मोड्यूल सापडलं नाही. फाइल तर जागेवर आहे, डोळ्यांनी दिसतेय!

खटपट्या | १२ फेब्रुवारी, रात्री ११:४०

पेढेसाहेब, १२६ म्हणजे ती फाइल नाही असं नव्हे. त्या फाइलला आणखी ज्या फाइली लागतात त्यांतली एखादी नाही. बहुतेक वेळा व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल नसतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या, ड्रायव्हर ज्या बिटचा त्याच बिटचं. नव्या कोऱ्या लॅपटॉपवर हे हमखास होतं.

जारवाला | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

हे सगळं वाचून जावावाले असल्याचा आनंद झाला. आमच्या जेडीबीसीमध्ये (ओडीबीसीचं जावातलं भावंड) एक जार फाइल टाकली की झालं. ३२, ६४, रजिस्ट्री, डीएसएन, कशाची भानगड नाही. सोनाका, निदान तपासणीपुरतं डीबीव्हर (डेटाबेस उघडून बघायचा प्रोग्राम) वापरून बघा. तो जेडीबीसी ड्रायव्हर स्वतःच उतरवून घेतो. तिथे डेटा दिसला तर क्लाउडकडची बाजू ठीक आहे आणि दोष तुमच्या ओडीबीसीत, हे पक्कं कळेल.

खटपट्या | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

+१, तपासणीपुरतं. पण काकांना एक्सेलमध्येच हवंय आणि एक्सेलला जार कळत नाही. ओडीबीसी १९९२ पासून आहे, जेडीबीसी त्यानंतर पाच वर्षांनी आलं. म्हाताऱ्याची कटकट असते, पण घरातल्या सगळ्यांशी त्याचं बोलणं असतं. एक्सेल, ॲक्सेस, जुनं व्हीबी (व्हिज्युअल बेसिक), लिब्रेऑफिस, पायथन, सगळ्यांशी.

सोनाका | १३ फेब्रुवारी, दुपारी १:२०

खटपट्यासाहेब, एक्सेल ६४ निघालं. एक्स६४ ड्रायव्हर टाकला आणि आयएम०१४ गेला. आभार!

पण आता 'टेस्ट' दाबलं की कर्सर गोल फिरत बसतो आणि शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट'. डीबीव्हरमध्येही तेच. पासवर्ड चार वेळा तपासला. गंमत म्हणजे पोराला फोन केला तर त्याच्याकडे बंगळुरूत चालतंय.

रात्रपाळी | १३ फेब्रुवारी, रात्री ११:५५

सोनाका दादा, पासवर्डला हात लावू नका, तो प्रश्नच नाही. टाइम्ड आउट म्हणजे तुमचा निरोप सर्व्हरच्या दारापर्यंत पोचलाच नाही, तर पासवर्ड कोण बघणार? पासवर्ड चुकला असता तर सर्व्हरने लगेच तोंडावर सांगितलं असतं, 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड'. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर मशीन सापडलंय, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. तिन्ही निरोप वेगवेगळे आहेत आणि लोक तिन्ही वेळा पासवर्डच बदलत बसतात. पंधरा वर्षं डेटाबेस सांभाळतेय, हे रोज बघते.

पॉवरशेल उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा द्या. पुढे सर्व्हरचा पत्ता, मग उणे चिन्ह लावून पोर्ट, मग ५४३२. (की-बोर्ड मराठी आहे म्हणून उच्चाराप्रमाणे लिहितेय, तुम्ही रोमनमध्येच टंका.) शेवटच्या ओळीत 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड' समोर फॉल्स आलं तर फायरवॉल आडवा आहे. क्लाउडवरच्या डेटाबेसला कोणत्या आयपी पत्त्यांना आत घ्यायचं याची यादी असते. पोराने स्वतःच्या घरचा पत्ता त्यात घातलाय, तुमचा नाही.

सोनाका | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

फॉल्स! ताई, नेमकं ओळखलंत. पोराने आमच्या ऑफिसचा आयपी यादीत घातला आणि ट्रू आलं. पण मधेच लाइट गेली, पंधरा मिनिटांनी आली, आणि परत फॉल्स. आता काय?

साताऱ्याचा_पेढा | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

यादीत ०.०.०.०/० घालून टाका, कटकट संपली. मी तेच केलंय. कुठूनही चालतं.

रात्रपाळी | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:३२

झोपायला चालले होते, हे वाचून परत बसले.

पेढेदादा, ते आजच काढा. ०.०.०.०/० म्हणजे जगातल्या कुठल्याही पत्त्याला दार उघडं. ५४३२, ३३०६, १४३३ हे डेटाबेसचे पोर्ट शोधत फिरणारे बॉट अहोरात्र चालू असतात. उघडा पोर्ट सापडला की 'पोस्टग्रेस' हे युजरनेम धरून पासवर्डांचा मारा सुरू. लॉग उघडून बघा, तुमच्याकडेही आलेले असतील.

सोनाका दादा, लाइट गेली की राउटर बंद होतो आणि परत लागला की ब्रॉडबँडवाला नवा आयपी देतो. त्यातही काही ठिकाणी एकच बाहेरचा आयपी शेकडो घरांत वाटलेला असतो, म्हणजे तुम्ही यादीत स्वतःला घालता आणि सोबत अख्खी आळी आत येते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तसंच समजा. ब्रॉडबँडवाल्याकडून पैसे भरून कायमचा आयपी घ्या. तो मिळत नसेल तर पोराला व्हीपीएन किंवा एसएसएच बोगदा (सर्व्हरपर्यंतची झाकलेली वाट) करून द्यायला सांगा. बोगदा केला तर डीएसएनमध्ये सर्व्हरच्या जागी 'लोकलहोस्ट' येईल. आणि तोवर राउटरला छोटा यूपीएस लावा, तेवढंही पुष्कळ दिवस पुरतं.

अप्पा_हिशेबनीस | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:००

रात्रपाळी ताईंच्या प्रतिसादात एक भर घालतो. सोनाका, तुमच्या कागदावरचं युजरनेम काय आहे? 'पोस्टग्रेस' असेल तर ते मालकाचं आहे. मी निवृत्तीआधी एका कारखान्यात ॲक्सेस वापरायचो, ओडीबीसीने सर्व्हरचे तक्ते जोडलेले. एकदा दुपारी मजुरीचा तक्ता नुसता बघत होतो, फोन वाजला, उचलताना कोपर की-बोर्डवर टेकलं. एका रकान्यात ५५५५ पडलं. मी खाली सरकलो. ॲक्सेसमध्ये ओळ सोडून पुढे गेलं की ती आपोआप साठवली जाते, 'साठवू का' असं विचारत नाही. आठवडाभराने एका मजुराच्या पगारात तो आकडा उगवला. तो बिचारा प्रामाणिक, स्वतःच सांगायला आला.

बघायचंच आहे तर नुसतं बघणारा युजर मागून घ्या.

रात्रपाळी | १४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

अप्पा, दंडवत! अगदी हेच सांगणार होते. पोराला सांगा की एक्सेलसाठी वेगळा युजर बनव, त्याला फक्त 'सिलेक्ट'चा हक्क दे, तोही सगळ्या तक्त्यांवर नको. दोन-तीन व्ह्यू (तक्त्यातलं हवं तेवढंच दाखवणाऱ्या खिडक्या) बनव आणि त्यांवरच दे.

आणि डीएसएनमध्ये पासवर्ड भरून ठेवलात तर तो विंडोजच्या रजिस्ट्रीत पडून राहतो, बघणाऱ्याला वाचता येतो. मालकाचा पासवर्ड ऑफिसच्या सामाईक संगणकावर असा ठेवायचा? नुसतं बघणाऱ्या युजरचा राहिला तर नुकसान तेवढ्यापुरतंच.

सोनाका | १५ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

कायमच्या आयपीसाठी अर्ज केला. नवा युजर मिळाला. पोर्ट ट्रू. आणि आता नवीनच:

'नो पीजी_एचबीए.कॉन्फ एन्ट्री फॉर होस्ट…' आणि शेवटी 'नो एन्क्रिप्शन'.

म्हणजे परत फायरवॉल का? ही एचबीए फाइल माझ्या संगणकावर तर कुठे दिसत नाही.

खटपट्या | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:०२

अभिनंदन, हा चांगला एरर आहे! तुम्ही दारापर्यंत पोचलात, आतल्या माणसाने उत्तर दिलं. ती फाइल सर्व्हरवर असते, तुम्ही शोधू नका. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे: एन्क्रिप्शन नाही. क्लाउडवाले बहुधा साध्या, न झाकलेल्या जोडणीला आत घेत नाहीत.

डीएसएनच्या खिडकीत 'एसएसएल मोड' नावाचा खाना आहे. माझ्याकडे तो आधीपासून 'डिसेबल'वर होता, तुमच्याकडेही तसाच असणार. 'रिक्वायर' करा. टेस्ट दाबा.

सोनाका | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:०९

'कनेक्शन सक्सेसफुल'!!! चार दिवसांनी!!! आईला पेढे आणायला पाठवतोय. (साताऱ्याचे नाहीत, इथलेच.)

लिनक्सवेडा | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

पेढे खा, पण 'रिक्वायर'वर कायमचं थांबू नका. रिक्वायर एवढंच बघतो की बोलणं झाकलेलं आहे. समोर तुमचाच सर्व्हर आहे की मधेच कुणी सोंग घेऊन बसलंय, हे तो बघत नाही. त्यासाठी 'व्हेरिफाय-फुल'. क्लाउडवाल्यांच्या साइटवर त्यांच्या प्रमाणपत्राची फाइल मिळते. ती 'ॲपडेटा'मधल्या 'रोमिंग'मध्ये 'पोस्टग्रेसक्यूएल' नावाचं फोल्डर करून त्यात रूट.सीआरटी या नावाने ठेवायची. मात्र पुढे एसएसएच बोगदा केलात तर व्हेरिफाय-फुल अडून बसेल, कारण प्रमाणपत्रावरचं नाव आणि 'लोकलहोस्ट' जुळणार नाही. तेव्हा 'व्हेरिफाय-सीए' चालतं.

आमच्याकडे उबुंटूवर यातलं काहीच खिडक्यांत नसतं. युनिक्सओडीबीसी आणि ओडीबीसी-पोस्टग्रेसक्यूएल ही दोन पॅकेजं टाकायची, ओडीबीसी.आयएनआय फाइल हाताने लिहायची, आयएसक्यूएल चालवून बघायचं. कुठली आयएनआय फाइल वाचली जातेय हा घोळ झाला तर ओडीबीसीइन्स्ट उणे जे. बस.

साताऱ्याचा_पेढा | १५ फेब्रुवारी, रात्री ८:४५

(०.०.०.०/० काढलं. लॉग बघितला. बोलत नाही.)

१२६ सुटला. पण माझा मूळ कारभार वेगळाच आहे. भुईकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर आहे, व्हीबी ६ मधलं. ते ३२ बिट, म्हणून त्याच्यासाठी ३२ बिट ड्रायव्हर लागतो एवढं या धाग्यावरून कळलं. तो त्या संगणकावर आधीपासूनच होता, २०१२ चा. आता म्हणतो 'ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड'.

रात्रपाळी | १५ फेब्रुवारी, रात्री ११:२०

१० नंबर म्हणजे स्क्रॅम. पोस्टग्रेसमध्ये पासवर्ड तपासण्याची ही पद्धत १० व्या आवृत्तीत आली आणि १४ पासून नवे पासवर्ड आपोआप तसेच साठवले जातात. २०१२ च्या ड्रायव्हरच्या जन्मानंतरची गोष्ट, त्याला कुठून कळणार? सॉफ्टवेअर व्हीबी ६ चं राहू दे, ड्रायव्हर बदला. नव्या ड्रायव्हरचीही एक्स८६ आवृत्ती निघते. जुना काढा, नवा टाका, डीएसएनचं नाव तेच ठेवा, भुईकाट्याला पत्ताही लागणार नाही.

कुठे कुठे लिहिलेलं सापडेल की सर्व्हरवर एमडी५ (पासवर्ड तपासण्याची जुनी पद्धत) परत चालू करा. करू नका.

आणि भुईकाटा विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल तर 'सिस्टम डीएसएन' करा. 'युजर डीएसएन' फक्त ज्याने बनवला त्यालाच दिसतो. सर्व्हिस दुसऱ्या खात्यावर चालते, तिला तो दिसत नाही, आणि मग आयएम००२, 'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड', आणि माणूस म्हणतो समोर दिसतोय की!

सोनाका | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

मंडळी, डेटा, गेट डेटा, फ्रॉम अदर सोर्सेस, फ्रॉम ओडीबीसी असं करून तक्ता आला एक्सेलमध्ये. आकडे अचूक. पण शेतकऱ्यांची नावं बघा:

??????? ????
????? ???????
Ö¸Öê¿Ö ¯ÖÖ™üß»Ö

बहुतेक सगळी प्रश्नचिन्हं आणि साठ-सत्तर नावं ती शेवटच्या ओळीसारखी. ॲपमध्ये प्रश्नचिन्हवाली नावं शुद्ध मराठीत दिसतात.

खटपट्या | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

हे दोन वेगळे आजार आहेत.

प्रश्नचिन्हं: डीएसएन बनवताना यादीत दोन नावं होती, 'पोस्टग्रेसक्यूएल एएनएसआय' आणि 'पोस्टग्रेसक्यूएल युनिकोड'. तुम्ही पहिलं घेतलंत, यादीत वर असतं म्हणून. एएनएसआय ड्रायव्हर मजकूर विंडोजच्या जुन्या कोडपेजात (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात) बसवायला बघतो. मराठी-हिंदीसाठी विंडोजमध्ये असं कोडपेज कधी बनलंच नाही, आपली लिपी विंडोजवर आली ती थेट युनिकोडमधूनच. म्हणून त्याला 'अ' कुठे ठेवायचा ते कळत नाही आणि तो प्रश्नचिन्ह ठेवतो. युनिकोडवाला निवडून नवा डीएसएन करा. हे मराठीत कुठेतरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवं. इंग्रजीतल्या सूचना लिहिणाऱ्यांना याचा त्रास कधी होत नाही, त्यामुळे ते सांगत नाहीत.

अप्पा_हिशेबनीस | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

शेवटच्या ओळीचा आजार मी ओळखतो. ती साठ-सत्तर नावं कुठल्यातरी जुन्या फाइलीतून आणलेली असणार. बरोबर?

सोनाका | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:२२

अप्पा, हो! जुन्या सभासदांची यादी. पूर्वी सोसायटीत टाइप केलेली होती, पोराने तीच डेटाबेसमध्ये ओतली.

अप्पा_हिशेबनीस | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

मग ड्रायव्हरला दोष देऊ नका. श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर साठवलेलंच नसायचं. साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, वर फॉन्टचा मुखवटा. मुखवटा काढला की हे असं दिसतं. ड्रायव्हर जे आहे तेच इमानदारीने दाखवतोय. त्या फॉन्टाचं नाव शोधा, त्याच्यासाठीचा युनिकोड परिवर्तक वापरा, आणि मग प्रत्येक नाव माणसाने नजरेखालून घाला. र्‍या, र्‍हा, रफार आणि पहिली वेलांटी यांत हमखास गडबड होते. शेतकऱ्याचं नाव चुकलं तर पैसे अडकतात.

बँक खातं क्रमांकही बघून घ्या एकदा.

सोनाका | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

युनिकोडवाला केला, नावं सुरेख आली. जुन्या यादीचं काम बहिणीकडे दिलंय.

अप्पा, तुम्हाला कसं कळलं?! खातं क्रमांकांच्या शेवटी तीन-तीन शून्यं आहेत!

अप्पा_हिशेबनीस | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:५५

कारण एक्सेलला आकड्यातले पहिले १५ अंकच लक्षात राहतात, पुढचे शून्य करून टाकतं. तुमची खाती १८ अंकी असतील. शिवाय शून्याने सुरू होणारं खातं असेल तर सुरुवातीची शून्यंही गेली. डेटाबेसमध्ये तो स्तंभ अंकांचा असेल तर व्ह्यूमध्ये मजकूर करून पाठवायला सांगा. पण सुरुवातीची शून्यं अंकांच्या स्तंभात मुळातच साठत नाहीत, ती पासबुकावरूनच परत भरावी लागतील. खातं क्रमांकांची कधी बेरीज करायची नसते, मग तो आकडा कशाला मानायचा?

न्यूजर्सीकर | १७ फेब्रुवारी, पहाटे ४:३५

इथे संध्याकाळ आहे, मस्त धागा वाचायला मिळाला. माझा उलटा प्रश्न. मी इथून सांगलीतल्या भावाच्या हळदीच्या व्यवसायाचा डेटाबेस सांभाळतो. तो मी अमेरिकेत ठेवलाय, व्हर्जिनियात. भाऊ म्हणतो, ८०,००० ओळी यायला तीन-एक मिनिटं लागतात. माझ्याकडे चटकन येतात. ड्रायव्हर तोच.

रात्रपाळी | १७ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

डीएसएनच्या पर्यायांत 'यूज डिक्लेअर/फेच'वर टिक आहे का? आणि 'कॅश साइझ' १००?

हिशेब करा. १०० ओळींचा एक घास, म्हणजे ८०० फेऱ्या. सांगली ते व्हर्जिनिया जाऊन-येऊन २०० मिलिसेकंदांच्या पुढेच जातात. ८०० गुणिले ०.२ म्हणजे १६० सेकंद, नुसते प्रवासात. तुमच्या घरापासून व्हर्जिनिया शेजारी, म्हणून तुम्हाला जाणवत नाही. कॅश साइझ ५,००० करा, १६ फेऱ्यांत काम होईल. टिकच काढली तर सगळं एकदम येतं, पण मग भावाच्या संगणकाची मेमरी तेवढी हवी.

आणि वापरणारा सांगलीत असताना डेटा व्हर्जिनियात कशाला? मुंबईत ॲमेझॉनचं केंद्र २०१६ पासून आहे, पुण्यात मायक्रोसॉफ्टचं त्याच्याही आधीपासून.

न्यूजर्सीकर | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:०२

टिक आहे, १०० आहे. व्हर्जिनियाचं कारण एवढंच की खातं उघडताना तोच पर्याय आधी निवडलेला होता. 😶

सोनाका | १८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

शेवटचा प्रश्न, नक्की शेवटचा. आज वडिलांना एक्सेल दाखवलं. ते वही घेऊन बसले. पहिलीच ओळ बघून म्हणाले, "पहाटे साडेतीनला कोण द्राक्षं तोडतं रे?" वहीत ती तोडणी सकाळी ९ ची आहे. सगळ्याच वेळा अशा मागे आहेत. आणि रात्री १२ नंतर भरून गेलेल्या गाड्या आदल्या दिवसाच्या बेरजेत आल्यात, त्यामुळे कुठल्याच दिवसाचा हिशेब वहीशी जुळत नाही.

रात्रपाळी | १८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

वडिलांना नमस्कार सांगा, असा तपासनीस आमच्या टीमला मिळाला तर हवाच आहे.

९ मधून साडेपाच तास गेले की साडेतीन. क्लाउडवरचा सर्व्हर ग्रिनिचची वेळ धरून चालतो आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. रात्री १२ ते पहाटे ५:३० मधली प्रत्येक नोंद म्हणून आदल्या तारखेला जाते.

वेळेचा स्तंभ टाइमझोनसहित असेल तर सोपं आहे. त्या नुसतं बघणाऱ्या युजरलाच कायमचा 'एशिया/कोलकाता' टाइमझोन लावून द्यायला सांगा, एका ओळीची 'आल्टर रोल' आज्ञा. किंवा डीएसएनच्या पर्यायांत 'कनेक्ट सेटिंग्ज' नावाचा खाना आहे, त्यात सेट टाइमझोनची आज्ञा टाका, जोडणी होताच ती चालते. पहिला उपाय बरा. उद्या दुसऱ्या संगणकावर डीएसएन केलात तर हा खाना भरायचा विसरेल.

स्तंभ टाइमझोनविना असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही. मग व्ह्यूमध्येच आधी 'ही यूटीसी (म्हणजे ग्रिनिचची वेळ) आहे' असं सांगून मग भारतीय वेळेत बदलावं लागेल. एक्सेलमध्ये साडेपाच तास मिळवत बसू नका, एखाद्या फाइलीत दोनदा मिळवले जातात आणि मग देवही शोधू शकत नाही.

सोनाका | १९ फेब्रुवारी, रात्री ८:१५

टाइमझोनसहितच होता. पोराने 'आल्टर रोल' केलं, मी रिफ्रेश दाबलं. वडिलांनी १ तारखेपासून वही लावली. सतरा दिवस तंतोतंत.

१८ तारखेला एका बागेचे ४ क्रेट एक्सेलमध्ये जास्त आहेत. वडील म्हणतात वही बरोबर, ज्याने ॲपमध्ये नोंद केली तो म्हणतो ॲप बरोबर. उद्या सकाळी पॅकहाउसवर जाऊन पावती बघतो. हा काही ड्रायव्हरचा प्रश्न नाही.